आरोग्य प्रश्नोत्तरे : मूत्राशयाचे जुनाट दुखणे आणि रोजचा दिनक्रम

लघवीच्या वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गाविषयी मागील अंकात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील काही पत्रलेखकांचा त्रास जंतुसंसर्गासारखा दिसतो, पण तपासणीत जंतू सापडत नाहीत. या आजाराला ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ किंवा अलीकडे ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. यावेळची सर्व उत्तरे त्याविषयीच आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४३ असून मी शाळेत शिक्षिका आहे. गेली तीन वर्षे ओटीपोटात दडपण आणि जळजळ असते. लघवी साठू लागली की दुखणे वाढते, जाऊन आले की थोडा वेळ बरे वाटते. दिवसा पंधरा-सोळा वेळा जावे लागते आणि रात्रीही तीन-चार वेळा उठावे लागते. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू आले नाहीत, तरी अँटिबायोटिकचे अनेक कोर्स झाले. आता यूरॉलॉजिस्टनी दुर्बिणीने तपासून इंटरस्टिशियल सिस्टायटिसचे निदान केले आहे, गोळ्या दिल्या आहेत आणि ‘आहारविहार सांभाळा’ असे सांगितले आहे. इंटरनेटवरच्या याद्या पाहिल्या तर खायला काही उरतच नाही. सध्या मी दूधभात आणि मुगाच्या खिचडीवर आहे आणि वजन सहा किलोंनी घटले आहे. नेमके काय सोडावे? (कराड)

उत्तर : दूधभातावर राहण्याची आपल्याला मुळीच गरज नाही. सहा किलो वजन कमी खाण्यामुळेच घटले असावे असे आपल्या पत्रावरून वाटते, तरीही ते आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण वजन घटणे हे या आजाराचे लक्षण नाही.

या आजारात मूत्राशयाच्या आतील संरक्षक थर अनेक रुग्णांमध्ये दुबळा झालेला असतो, त्यामुळे लघवीतील क्षार आणि आम्ले खालच्या पेशींना झोंबतात असे मानले जाते. त्याबरोबरच मूत्राशयाच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते आणि एरवी ज्या साठ्याची जाणीवही होऊ नये तो दुखू लागतो. निरोगी मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. या आजारात कित्येकांना शंभर मिलिलिटरलाच उठावे लागते. जंतूंचा येथे संबंध नसल्याने कल्चर स्वच्छ असताना घेतलेल्या अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही आणि पोट मात्र बिघडते. यापुढे कल्चरचा अहवाल हातात आल्याखेरीज ती घेऊ नयेत.

आपली दुर्बीण झालीच आहे, तेव्हा अस्तरावर ‘हनर लीजन’ म्हणजे लालसर, व्रणासारखे चट्टे दिसले होते का, हे अहवालात पाहून घ्यावे. १९१५ साली बाल्टिमोरचे गाय हनर यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव पडले. थोड्याच रुग्णांत ते आढळतात, पण आढळले तर ते जाळून किंवा त्यांत स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन दुखण्याला बराच उतार पडतो, आणि अशा रुग्णाने केवळ आहारावर विसंबून महिने घालवणे योग्य नाही.

आता आहाराविषयी. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या आजाराच्या सुमारे ९० टक्के रुग्णांनी काही पदार्थांनी त्रास वाढतो असे सांगितले होते. मात्र प्रत्येकाचे पदार्थ वेगळे असतात, आणि इंटरनेटवरची यादी म्हणजे अशा सगळ्यांच्या तक्रारींची बेरीज असते. तीत कांदा, केळे, दही, सोयाबीन, चॉकलेट असे सारेच सापडते. एका रुग्णाला त्यांतील दोन-चार पदार्थच बाधत असतात; ते कोणते, हे शोधून काढणे एवढेच काम आहे, आणि ते सहा ते आठ आठवड्यांत होते.

सुरुवात खाण्यापासून न करता नोंदीपासून करावी. सलग तीन दिवस, शक्यतो सुटीचे, न्हाणीघरात एक मोजपात्र ठेवावे आणि प्रत्येक वेळी किती वाजता, किती मिलिलिटर लघवी झाली आणि दुखणे शून्य ते दहा या मापावर किती होते, हे वहीत लिहावे. पुढच्या स्तंभात काय खाल्ले-प्यायले ते टिपावे. हा कंटाळवाणा उद्योग आहे, याची मला कल्पना आहे. परंतु ज्यांनी ही वही आणली नाही त्यांच्याशी दवाखान्यात होणारे बोलणे ‘काल जास्त होते, आज कमी आहे’ यापुढे सहसा जात नाही.

त्यानंतर तीन ते चार आठवडे फक्त नेहमीचे संशयित बंद करावेत : चहा, कॉफी, कोल्ड्रिंक आणि सोडा, मद्य, संत्री-मोसंबी-लिंबू, टोमॅटो, हिरवी आणि लाल मिरची, साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम गोडीच्या गोळ्या, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या. या शेवटच्या गोळ्यांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते; ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून रोज घेतलेली चघळण्याची गोळी महिनोन्‌महिने जळजळ जागती ठेवते. परदेशी याद्यांत चिंच, कोकम, आमसूल आणि कैरी यांची नावे नसतात, कारण ती तिकडच्या स्वयंपाकात नसतात. आपण ती आपल्या यादीत घालावीत. चहा मात्र एका दिवसात तोडू नये. आठ-दहा दिवसांत कप अर्धा, मग पाव असा उतरवावा, नाहीतर डोकेदुखीने हैराण व्हाल आणि दोष पथ्याला जाईल.

एवढे वगळूनही ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, पोळी, भात, सर्व डाळी, दुधी, पडवळ, दोडका, भोपळा, गाजर, बटाटा, कोबी, पालेभाज्या, काकडी, दूध, तूप, ओले खोबरे, नासपती, कलिंगड, अंडी, मासे आणि कोंबडी हे सारे उरते. अडचण येते ती घरात दोन स्वयंपाक करण्याची. त्यावर सोपा उपाय असा की आमटीला हिंग, जिरे, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी द्यावी, डाळ उकळली की त्यातून आपली वाटी बाहेर काढावी, आणि मग उरलेल्या आमटीत तिखट, चिंच किंवा आमसूल घालावे. भाजीचेही तसेच. आपल्या वाटीत धने-जिऱ्याची पूड, खोबरे आणि किंचित गूळ घातला तर ती बेचव लागत नाही.

त्रास उतरला की वगळलेले पदार्थ एकेक करून परत आणावेत. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी नेहमीइतका, तिसऱ्या दिवशी केवळ निरीक्षण. परिणाम काही मिनिटांत दिसू शकतो, तसाच दुसऱ्या दिवशीही दिसू शकतो, म्हणून दोन पदार्थ एकत्र आणू नयेत. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेक स्त्रियांचा त्रास आपोआप वाढतो, त्या दिवसांत ही परीक्षा घेऊ नये. एकदा बाधला म्हणून पदार्थ कायमचा हद्दपार करू नये. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा पाहावा. चार आठवडे काटेकोर पथ्य करूनही वहीतले आकडे जराही हलले नाहीत, तर आपला आजार खाण्याशी फारसा जोडलेला नाही असे समजावे आणि निश्चिंत मनाने जेवावे. असेही रुग्ण असतात, आणि त्यांना उगाच पथ्यात डांबून ठेवलेले मला पटत नाही.

दुखणे थोडे आटोक्यात आले की लघवीच्या दोन वेळांतील अंतर वाढवायला घ्यावे. आज आपण तासाने जात असाल तर आठवडाभर सव्वा तासाने जाण्याचा प्रयत्न करावा, ते जमले की आणखी पंधरा मिनिटे वाढवावीत. कळ आली की धावत सुटण्याऐवजी बसून पाच-सहा दीर्घ श्वास घ्यावेत. बहुधा पहिली लाट ओसरते. मात्र दुखणे तीव्र असताना दात-ओठ खाऊन लघवी रोखणे हे प्रशिक्षण नव्हे, ते करू नये.

प्रश्न : मी डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाते. हाच आजार आहे. लोकलमध्ये सव्वा तास आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत स्वच्छतागृह मिळण्याची खात्री नसल्याने सकाळपासून पाणीच पीत नाही. एकीकडे डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या, दुसरीकडे प्यायले की जावे लागते. किती प्यावे?

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि तिचा दोष आपल्याकडे नाही. या शहरात स्त्रियांना स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून स्वयंसेवी संस्थांना ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवावी लागली, यावरून परिस्थिती ध्यानात यावी.

तरीही पाणी तोडण्याने नुकसान आपलेच होते. कमी पाण्याने लघवी गडद आणि दाट होते, त्यातील क्षारांचे प्रमाण वाढते आणि आधीच हळवे झालेले अस्तर अधिक झोंबते; म्हणजे फेऱ्या वाचवण्यासाठी केलेल्या उपायाने कळ वाढते. याउलट ‘भरपूर पाणी’ म्हणून दिवसाला चार लिटर रिचवणेही चुकीचे आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर बहुतेकांना दीड ते दोन लिटर एकूण द्रव पुरतो, उन्हाळ्यात आणि घाम येणाऱ्या कामात थोडा अधिक. लघवी फिकट पिवळी दिसली की प्रमाण बरोबर आहे.

खरा प्रश्न प्रमाणापेक्षा वाटणीचा आहे. उठल्यावर एक पेला पाणी प्यावे, घरून निघण्यापूर्वीच्या तासात काही पिऊ नये आणि निघताना लघवीला जाऊन यावे. गाडीत तहान लागली तर एक-दोन घोट घ्यावेत. ऑफिसात पोहोचल्यावर दर तासाला अर्धा पेला असे संध्याकाळी चारपर्यंत प्यावे, परतीच्या प्रवासाआधी पुन्हा हात आखडता घ्यावा. रात्री झोपण्यापूर्वीचे दोन तास कोरडे ठेवले तर रात्रीचे उठणेही कमी होते. एका दमात बाटली संपवणे टाळावे, कारण मूत्राशय भराभर ताणले गेले की दुखते. ऑफिसातील चहाच्या फेऱ्यांना बडीशेपेचे कोमट पाणी हा पर्याय बऱ्याच जणींना मानवतो. घट्ट जीन्स आणि पोटावर काचणारे पट्टे यांनीही प्रवासात दडपण वाढते, तेव्हा कपडे सैल असावेत.

प्रश्न : माझे वय ३६ आहे. लघवीच्या तक्रारींवर कीगल व्यायाम चांगले असे वाचून ते दोन महिने नियमाने केले. दुखणे वाढले, आता बसतानाही दुखते आणि पतीबरोबरच्या संबंधांची भीती वाटू लागली आहे. मी व्यायाम चुकीचा केला का? (नाशिक)

उत्तर : व्यायाम बहुधा बरोबरच केला असेल, पण तो आपल्या आजारासाठी नाही. खोकताना-शिंकताना लघवी सुटते त्या स्त्रियांच्या कटितळाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला आधार देणारे, स्नायू सैल पडलेले असतात, आणि ते आवळून बळकट करण्यासाठी कीगल व्यायाम उत्तम आहेत. मूत्राशयाच्या जुनाट दुखण्यात परिस्थिती बरोबर उलट असते. सतत दुखणाऱ्या भागाभोवतीचे स्नायू आपोआप आक्रसतात, ते आखडलेलेच राहतात, त्यांत बोट लावले तरी ओरडावे अशा गाठी तयार होतात, आणि मग ते स्नायूच दुखण्याचे दुसरे उगमस्थान बनतात. बसताना दुखणे आणि संबंधांच्या वेळी दुखणे ही त्याचीच लक्षणे आहेत. आवळलेल्या मुठीला आणखी आवळायला सांगण्यासारखे हे झाले. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही अशा रुग्णांनी कटितळ बळकट करणारे व्यायाम टाळावेत असे स्पष्ट म्हटले आहे.

आपल्याला हवी आहे ती स्नायू सोडवण्याची फिजिओथेरपी. कटितळाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट आता मोठ्या शहरांत भेटतात. त्या बाहेरून आणि गरजेप्रमाणे योनिमार्गातून हातमोजा घालून त्या गाठींवर हलका दाब देत स्नायू सैल करतात. संकोच वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून पहिल्या भेटीत केवळ बोलणे आणि समजून घेणे झाले तरी चालते. या उपचाराची तुलना सर्वसाधारण मालिशीशी करणारा एक अभ्यास २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दहा बैठकांनंतर स्नायूंच्या उपचारगटातील ५९ टक्के स्त्रियांना लक्षणीय बरे वाटले, मालिशीच्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. औषधाविना मिळणारा एवढा फरक या आजारात क्वचितच दिसतो, म्हणून मी आहारापेक्षाही या उपचाराचा आग्रह अधिक धरतो.

तोपर्यंत घरी करता येईल ते असे. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे छातीशी घ्यावेत, गुडघे थोडे बाजूला सोडावेत, श्वास घेताना पोट फुगू द्यावे आणि त्या वेळी लघवीची जागा खाली सैल पडत आहे याकडे लक्ष द्यावे. पाच मिनिटे, दिवसातून दोनदा. उष्ण पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर ठेवावी. काही जणींना बर्फाचा शेक अधिक मानवतो, दोन्ही करून पाहावेत. शौचाला कुंथणे हे या स्नायूंचे मोठे शत्रू आहे, तेव्हा बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल, पिकलेली पपई आणि पुरेसे पाणी यांनी ते आधी दूर करावे. कमोड वापरत असाल तर पायांखाली बुटके स्टूल घ्यावे. स्कूटरवरचा लांबचा प्रवास आणि सायकलची अरुंद बैठक काही महिने टाळावी.

संबंधांविषयी पतीशी मोकळेपणाने बोलावे. आधी आणि नंतर लघवीला जाऊन येणे, वंगणासाठी पाण्यावर आधारित (तेलविरहित) जेल वापरणे, दाब पुढील बाजूस येणार नाही अशी स्थिती निवडणे आणि त्यानंतर शेक घेणे यांनी बऱ्याच जोडप्यांची अडचण कमी होते. दुखत असताना ‘निभावून नेणे’ मात्र बंद करावे; त्याने स्नायू अधिकच आखडतात.

प्रश्न : पत्नीला दोन वर्षे हा त्रास आहे. घरातले सगळे म्हणतात की मनाचे खेळ आहेत. ती हरितालिकेचा निर्जळी उपवास करते आणि दरवर्षी त्यानंतर आठवडाभर अंथरुणाला खिळते. कोणी क्रॅनबेरीचा रस सांगतात, कोणी मिश्री लाव म्हणतात. हा पुढे कर्करोग तर होणार नाही? (चंद्रपूर)

उत्तर : हे मनाचे खेळ नाहीत. ताणाने त्रास भडकतो हे खरे, पण ताणाने दमाही भडकतो आणि दम्याला कोणी मनाचा खेळ म्हणत नाही. घरच्यांना हे आपण सांगावे. पत्नीने सांगून उपयोग झाला असता तर आपण पत्र लिहिले नसते.

निर्जळी उपवासानंतर भडका उडणे अपेक्षितच आहे, कारण दिवस-रात्र पाणी नसले की लघवी अतिशय दाट होते. व्रत सोडायचे नसेल तर पाणी आणि दूध घेऊन करावे. वरी-तांदूळ आणि दूध चालते; साबुदाण्याच्या खिचडीत हिरवी मिरची आणि वर लिंबू नसावे. क्रॅनबेरीचा रस वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या काही स्त्रियांना उपयोगी पडतो, पण तो आम्लधर्मी असल्याने या आजारात बहुधा जळजळ वाढवतो. मिश्री म्हणजे जाळलेली तंबाखू. तिने हे दुखणे बरे होत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका पत्करावा लागतो. लावत असल्यास ती सोडावी.

या आजाराचे कर्करोगात रूपांतर होत नाही. मात्र सगळ्याच लघवीच्या त्रासाला हेच नाव देऊन मोकळे होऊ नये. लघवीतून रक्त जाणे, रोज संध्याकाळी ताप येणे, वजन घटणे किंवा लघवीत पू-पेशी असून साध्या कल्चरमध्ये जंतू न येणे, यांपैकी काही असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. मूत्रमार्गाचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो आणि तो नेमका अशाच तक्रारींनी सुरू होऊ शकतो. त्यासाठी सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी तपासतात. रक्त जात असेल तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा पुरुष आहे. प्रोस्टेटचा दाह म्हणून उपचार चालू होते, आता मूत्राशयाचे दुखणे असल्याचे सांगून पेंटोसान हे या दुखण्यावरचे पोटात घेण्याचे औषध सुरू केले आहे. पुरुषांना हा आजार होतो का? या औषधाने डोळे जातात असे ऐकले. पथ्य पाळले तर ते बंद करता येईल? (रत्नागिरी)

उत्तर : पुरुषांना होतो, प्रमाण स्त्रियांहून कमी आहे आणि लक्षणे प्रोस्टेटच्या जुनाट दाहासारखीच असल्याने निदानाला उशीर होतो. वर दिलेले आहार, पाणी आणि स्नायूंचे उपाय पुरुषांनाही तसेच लागू आहेत. आपल्याकडे रोजच्या जेवणात सोलकढी असेल तर कोकम हा पहिला संशयित समजावा आणि महिनाभर नुसते नारळाचे दूध जिरे-मीठ लावून घेऊन पाहावे.

पेंटोसानला अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. २०१८ मध्ये अटलांटा येथील नेत्रतज्ज्ञांनी हे औषध दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी बिघाड आढळल्याचे प्रथम नोंदवले आणि २०२० मध्ये तेथे औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालण्यात आला. धोका एकूण किती औषध पोटात गेले आणि किती वर्षे घेतले यांवर वाढत जातो. तेव्हा घाबरून गोळी अचानक बंद करू नये, पण नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन दृष्टिपटलाची छायाचित्रे आणि ओसीटी (दृष्टिपटलाचे थर दाखवणारी) तपासणी आताच करून घ्यावी, त्यांना औषधाचे नाव आणि मात्रा सांगावी, आणि पुढे त्यांनी ठरवून दिलेल्या अंतराने ती पुन्हा करावी. वाचताना अडखळणे किंवा उजेडातून अंधारात गेल्यावर दिसायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागणे यांपैकी काही जाणवले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे. पथ्याने आणि व्यायामाने तीन-चार महिन्यांत वहीतले आकडे सुधारले, तर मात्रा कमी करण्याविषयी ती वही घेऊनच आपल्या यूरॉलॉजिस्टशी बोलावे.